मागून धडक आणि पुढचा दिवा

वकिलाच्या ऑफिसात किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात! केस संपली की पक्षकार आपले कागद घेऊन जातो, फाइल माळ्यावर जाते आणि कोण काय बोललं तेवढं आमच्याकडे उरतं. फोनवर मी हे काही ना काही सांगत असते, तर मैत्रिणी म्हणतात, "अगं, लिहून काढ!" सगळं लिहायला बसले तर प्रॅक्टिस सोडावी लागेल. म्हणून एकाच केसचं सांगते.

त्याआधी अंबुजाक्का कोण ते सांगायला हवं. मी मूळची मिरजेची. नवऱ्याला अंबत्तूरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून चेन्नईला आले. सनद होती, पण तमिळ येत नव्हतं, म्हणून दोन वर्षं घरीच. मग कुणीतरी सांगितलं, तांबरमला एक मराठी वकीलबाई आहेत. गेले. झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, साठी उलटलेल्या अंबुजाक्का, नऊवारी नाही की काही नाही, साधी सुती साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज! तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या. वीस वर्षं एका विमा कंपनीच्या क्लेम्स खात्यात काढली, नोकरी करता करता लॉ केलं, आणि मग टेबलाच्या या बाजूला येऊन बसल्या.

मी आधीच सांगून टाकलं, "मला तमिळ येत नाही."

त्या तंजावरी हेल काढून म्हणाल्या, "मला तुझं मराठी येत नाही. सरी, उद्यापासून ये!"

* * *

सेल्वी आमच्याकडे आली ती एका पत्रासकट. चेन्नईजवळच्या कोवलमची मासळीवाली. किनाऱ्यावर लिलावात मासळी घ्यायची, स्वतःच्या छोट्या टेम्पोत भरायची आणि तांबरमपर्यंत हॉटेलांना पोचवायची. टेम्पो तीच चालवायची. पत्र तिनं मासळीच्याच पिशवीतून आणलं होतं, त्यामुळे पत्राआधी वास आला.

पत्र विमा कंपनीचं. सेल्वीच्या नव्हे, दुसऱ्याच एका मोटारवाल्याच्या. आमच्या ग्राहकाच्या मोटारीला तुमच्या टेम्पोनं मागून धडक दिली, तुमचा विमा नव्हता, दुरुस्तीचा खर्च आम्ही ग्राहकाला दिला, तो पंधरा दिवसांत परत करा.

अक्का फोनवर होत्या, म्हणून सेल्वीला समजावायला मी पुढे सरसावले. आठ महिन्यांचं माझं तमिळ! पैशाला 'पणम्' म्हणतात. मी म्हटलं 'पिणम्'. पिणम् म्हणजे प्रेत. म्हणजे मी तिला गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "कंपनी तुमचं प्रेत मागते आहे."

सेल्वी म्हणाली, "ते मेल्यावर देईन. आत्ता काय मागतायत ते सांगा!"

अक्कांनी फोन ठेवला तो हसता हसताच.

* * *

हसणं तेवढंच. मग सेल्वी बोलायला लागली आणि मला माझीच लाज वाटली. एवढे पैसे द्यायचे तर टेम्पो विकावा लागणार. टेम्पो गेला की धंदा गेला, आणि मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

"विमा का नव्हता?" अक्कांनी विचारलं.

"होता. संपून तीन आठवडे झाले होते. मला कळलंच नाही. मेसेज त्यांच्या मोबाइलवर जायचा."

"मग त्यांनी सांगितलं नाही?"

"ते वारले. मोबाइल कपाटात आहे, बंद."

नवरा गेल्यावर ही बाई चाळिसाव्या वर्षी टेम्पो शिकली होती. लायसन्स काढलं होतं, परमिट नावावर करून घेतलं होतं. सगळं केलं, तेवढी एक तारीख निसटली.

"पोलिसांनी विम्याबद्दल दंड केला?"

"केला. भरला."

"मग तो गुन्हा तिथं संपला, अम्मा. आता दुसरा प्रश्न. धडक कुणी दिली?"

सेल्वीनं मान वर केली. "कुणी म्हणजे? माझी गाडी उभी होती! मी बर्फाचे डबे चढवत होते. ती मोटार हॉटेलच्या गेटातून रिव्हर्स आली आणि आदळली. पण पोलीस म्हणाले तुझ्याकडे विमा नाही, मग मला वाटलं चूक माझीच."

अक्का माझ्याकडे वळल्या. "लिहून घे. विमा नसणं ही एक गोष्ट आणि चूक असणं ही दुसरी. वीस वर्षं मी हीच पत्रं पाठवली. शंभरातली निम्मी माणसं या दोन गोष्टी एकच समजून पैसे भरतात!"

* * *

उत्तराचा मसुदा मला करायला सांगितला. मी जीव ओतला. अकरा पानं! निवाडे, कलमं, लॅटिनसुद्धा.

अक्कांनी चष्मा लावून सगळं वाचलं, अगदी शेवटपर्यंत. म्हणाल्या, "फार छान. आता हे कोण वाचणार?"

मग एका पानावर पाच ओळी सांगितल्या. पहिलीच ओळ, 'अपघाताच्या दिवशी आमच्या पक्षकाराचा विमा संपलेला होता, हे आम्हाला मान्य आहे.'

मी किंचाळलेच, "अक्का, हे आपणच कबूल करायचं?"

"जे खरं आहे ते आपण आधी सांगितलं, की पुढचं खरं सांगायला तोंड मोकळं राहतं."

पुढच्या ओळींत एवढंच, टेम्पो उभा होता, तुम्ही चूक सिद्ध करा, सर्व्हेयरचा रिपोर्ट आणि गॅरेजचं बिल पाठवा.

* * *

बिल आलं. मी बेरीज तपासली, बरोबर होती. जीएसटी बरोबर. फाइलला लावून टाकलं.

अक्कांनी ते पुन्हा काढलं आणि मला मोठ्यानं वाचायला लावलं. मागचा बंपर, डिकीचं दार, मागची काच, डाव्या बाजूचा पुढचा दिवा...

"थांब. काय म्हणालीस?"

"पुढचा दिवा."

"मागून धडक बसली आणि पुढचा दिवा फुटला?" अक्का अगदी काळजीच्या सुरात म्हणाल्या, "मोटारीला शिंक आली काय गं?"

* * *

पुढच्या दिव्याचं आम्ही कळवलं, कंपनीनं तरीही दावा लावला. मग अक्का मला घेऊन कोवलमला गेल्या. भर दुपारी शूज घालून हॉटेलच्या गेटापासून टेम्पोच्या जागेपर्यंत टेपनं अंतर मोजलं. टेपचं एक टोक मी धरलेलं आणि मागे बसवाला हॉर्न वाजवतोय!

किनाऱ्यावरच्या बायका जमल्या. "आम्ही सगळ्यांनी बघितलं! सगळ्या साक्ष देतो!"

अक्का म्हणाल्या, "सगळ्या नकोत. जिनं खरंच बघितलं ती एक द्या."

गलका थांबला. मग मागून एक बाई उठली, अंजलै नावाची. सेल्वीचा चेहरा उतरला. सगळा कोवलम जाणून होता की या दोघींचं अकरा वर्षं बोलणं नाही. एकाच हॉटेलच्या ऑर्डरवरून भांडण झालं होतं.

अंजलै म्हणाली, "मी बघितलं. हिचा टेम्पो माझ्या टोपल्यांसमोर उभा होता. गिऱ्हाइकाला माझी मासळी दिसेना, म्हणून मी हिला शिव्या देत होते. एवढ्यात मोटार आली आणि आदळली. मला बरं वाटलं!"

सेल्वी माझ्या कानात पुटपुटली, "ही आपल्याला बुडवणार."

आणि अक्का? हरखल्या होत्या नुसत्या!

* * *

तांबरमच्या कोर्टात कंपनीचा वकील चांगलाच तयारीचा निघाला. अंजलैला त्यानं सरळ विचारलं, "तुम्ही एकाच गावच्या. मैत्रिणीला वाचवायला आलात ना?"

"मैत्रीण?" अंजलै भडकली. "हिचं तोंड बघत नाही मी!"

"मग रोजचा धंदा बुडवून का आलात?"

अंजलै म्हणाली, "साहेब, आमचं भांडण मासळीचं आहे. टेम्पो उभा होता, त्याचं नाही."

जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं. कंपनीचा वकील खाली बसला. दाव्याचं काय होणार ते मला त्या मिनिटालाच कळलं. निकालाचा कागद यायला मात्र आणखी दोन महिने लागले. दावा फेटाळला!

साक्ष झाली त्या दिवशी बाहेर चहाच्या गाडीवर सेल्वीनं चार चहा सांगितले. एक माझ्या हातात दिला आणि तोंड दुसरीकडे करून म्हणाली, "त्यांना द्या." मी नेऊन दिला. अंजलैनं एक घोट घेतला आणि मला म्हणाली, "तिला सांगा, साखर कमी आहे."

सेल्वीनं ते तिथूनच ऐकलं. साखरेचा चमचा घेऊन स्वतः आली, कपात घातली, ढवळली आणि एक शब्द न बोलता परत गेली.

* * *

निकालानंतर महिनाभरानं सेल्वी ऑफिसात आली. या वेळी पेढे आणि टेम्पोची यंदाची नवी पॉलिसी घेऊन. मोबाइल नंबर स्वतःचा घातला होता, तो तिनं आम्हाला तीनदा दाखवला. अक्कांनी पॉलिसी हातात घेतली, वरचं नाव वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"अगं, हीच ती कंपनी! हिनंच तुझ्यावर दावा लावला होता. चेन्नईत दुसरी कंपनी मिळाली नाही तुला?"

"होत्या की. चार एजंट आले होते."

"मग हीच कसाला?"

सेल्वी खुर्चीत नीट टेकून बसली.

"अक्का, चूक नसताना ही कंपनी दोन वर्षं माझ्या मागे हात धुऊन लागली होती. अशी कंपनी आपल्या बाजूनं नको का?"