आयसीयूच्या लँडलाइनवर आलेला फोन

या सदरातले अनुभव मी वाचायचो ते हसायला. बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो. भूत-प्रेत, संकेत-बिंकेत, कशावरच माझा विश्वास नव्हता. त्यामुळे आता मला कोणी हसलं तर तक्रार नाही... फक्त यात भीतीपेक्षा लाज जास्त आहे, हे आधीच सांगतो.

आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनजवळ राहतो. मी, बायको आणि बाबा. बाबा पंच्याहत्तरीचे, बीपीचे पेशंट, कंबरदुखीने बेजार. डॉक्टरांनी बजावलेलं — यांना पेनकिलर द्यायची नाही, किडनीला झेपणार नाही. ठाकुर्लीची माझी ताई दर रविवारी फोनवर तेच सांगायची.

पण मी घरून काम करतो. एकच हॉल. बाबा कण्हायला लागले की कॉलवर सगळ्यांना ऐकू जायचं. एकदा एकाने विचारलं, "कोण रडतंय का रे?" त्याच दिवशी मी मेडिकलमधून गोळ्या आणल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक. मीटिंग लांबणार असेल तर दुपारी आणखी एक. बायको दिवसभर ऑफिसात, तिला पत्ता नाही. बाबांना म्हटलं, "ताईला बोलू नका."

"नाही रे बोलत," ते म्हणाले.

तीन आठवडे असं चाललं. मग बाबांना ताप आला, जुलाब सुरू झाले, पोटात पाणी ठरेना. तरी मी गोळ्या चालूच ठेवल्या. तिसऱ्या दिवशी ते ग्लानीत गेले. ठाण्याच्या हॉस्पिटलला नेलं — थेट आयसीयू, व्हेंटिलेटर. लघवी जवळजवळ बंद.

"इतक्या सीरियस पेशंटची किडनी बहुतेक वेळा एका कारणाने बसत नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "रक्तात पसरलेलं इन्फेक्शन, पडलेलं बीपी, जुलाबाने कमी झालेलं पाणी... आणि औषधं. घरी पेनकिलर, काढा, काही चालू होतं?"

ताई शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "नाही मॅडम."

त्यांनी परत विचारलं. मी परत नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या भेटीला मी एकटाच आत गेलेलो. तिथल्या सिस्टर बाळकुमच्या, बोलक्या. म्हणाल्या, "दादा, बरं झालं तुमच्या घरून फोन आला. गोळ्यांचं मॅडमना सांगितलंय, फाइलला लिहिलंय."

"कोणाचा फोन?"

"म्हातारे बाबा होते कोणी. सकाळी आठच्या सुमारास, इथल्या लँडलाइनवर. म्हणाले, सहा नंबरच्या पेशंटला कंबरेची गोळी चालू होती, रोज दोन, कधी तीन, तीन आठवडे. मी नाव विचारलं तर म्हणतात, 'नाव राहू दे गो बायो. पोराला काय बोलू नका. त्याच्या मीटिंगा असतात.'"

मी बेडचा दांडा धरला. आमच्या घरात दुसरं म्हातारं माणूस नाही. आमचं गाव राजापूरकडचं. अनोळखी बाईला 'बायो' म्हणणारे माझ्या माहितीत एकटे बाबाच. आणि ते समोर झोपलेले — घशात नळी, शुद्ध नाही. त्यांचा मोबाइल माझ्या बॅगेत, बंद.

"आवाज कसा होता, सिस्टर?"

"दमलेला. मध्ये मध्ये थांबत होते."

मी तसाच डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. त्या ओरडल्या नाहीत. "कळल्यावर किडनीला त्रास देणारं एक औषध बदललं. डाय टोचून करायचा सीटी स्कॅन थांबवला," त्या म्हणाल्या. "तुम्ही काल खरं बोलला असतात तर एक दिवस फुकट गेला नसता."

चार वेळा डायलिसिस झालं. मग लघवी सुरू झाली, नळी निघाली, महिन्याभराने बाबा घरी आले. फोनबद्दल विचारलं तर म्हणाले, "मला कुठलं आठवतंय रे... झोपेतच होतो."

त्यांनी आधी शेजारी कोणाला सांगितलं असेल, असं तुम्ही म्हणाल. मलाही तेच वाटलेलं. बिल्डिंगमधल्या दोघा म्हाताऱ्यांना विचारून आलो — त्यांना बाबा आयसीयूत होते हेच माहीत नव्हतं. हॉस्पिटलात बाहेरून येणाऱ्या फोनची नोंद ठेवत नाहीत. तो फोन कोणी केला, मला आजही माहीत नाही.

ताई हे सदर वाचते. ताई, तुला तोंडावर सांगायला मी दोनदा ठाकुर्लीला आलेलो. दोन्ही वेळा चहा पिऊन परत गेलो.