उस्तादमामा आणि कसम परेड

आमच्या गावच्या उस्तादमामांच्या तोंडून मी कधी ‘शाब्बास’ ऐकलं नाही. धामापूरच्या तळ्याकाठी ते भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना पळवत. कुणी पहिला आला की म्हणत, “दमलंस? मगे परत पळ.” माझ्या बारावीच्या निबंधालाही तेच. “गो बाय, अक्षर बरा आसा. परत लिही.” त्या ‘परत’मुळेच आमच्या घरातली पहिली पदवी मला मिळाली.

निवृत्तीआधी मामा सैन्याच्या प्रशिक्षण ब्रिगेडमध्ये उस्ताद, म्हणजे जवानांना शिकवणारे हवालदार होते. “आमची ब्रिगेड लढाईक जायत नाय,” ते सांगत. “शेतातलो झील घेवचो, जवान करून पुढे धाडूचो. जुन्या लढाईत घायघायत कच्चे पोरगे धाडले, ते परत इले नाय. तेवापासून नियम आसा. कच्चो दिसलो, तर मागच्या तुकडीत घाल, परत शिकव.”

माझा मोठा भाऊ तिथे त्यांच्याच हाताखाली शिकला आणि पहिल्याच नेमणुकीत चकमकीत मारला गेला. तरी आई दर वर्षी मामांकडे कोकमाची सोलं घेऊन जायची. “दादानू, माझ्या झिलाक तुमी जवान केलास,” म्हणायची. मामा मान खाली घालून अंगणातल्या कोंबड्या हाकलत राहायचे. कोंबड्या नसल्या तरी.

पदवीचा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन गेले. मामांनी पेढा हातातच ठेवला.

“तुझो भाऊस तयार नाय होतो,” ते म्हणाले. “रायफल अडाकली तर त्याका सोडवूक येयत नाय होती. मी त्याका मागच्या तुकडीत घालणार होतंय. तर रडाक लागलो, ‘मामा, आई कसम परेड बघूक गाडीत बसली आसा.’ शिक्षण संपल्यार शपथ घेतत, ती परेड. मी त्याका पास केलंय. चकमकीत त्याची रायफल अडाकली. बाजूच्या जवानान माका सांगल्यान.”

हातातला पेढा त्यांनी परत डब्यात ठेवला. मग म्हणाले, “तुझ्या आवशीक सांगू नको.”

गेल्या श्रावणात मामा वारले. तेराव्याला आई सगळ्यांसमोर त्यांचे उपकार सांगत होती. मला ते सहन झालं नाही. शिकलेल्या माणसाने खरं तेच सांगावं, असं वाटलं. घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं.

ती मामांना शिव्या देईल, रडेल, असं मी धरून चालले होते. तिने चुलीत एक लाकूड आत सारलं. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “म्हणजे मी परेड बघूक गेलंय म्हणान माझो झील गेलो?”

मी नाही म्हटलं. पण ती रोज विचारते, आणि मामा इतकी वर्षं गप्प का राहिले होते, ते मला रोज नव्याने कळतं.