तोंड न लावलेली चिलीम

माझ्या थोरल्या चुलत्याचं नाक लांब होतं आणि ते स्वतःच्या घरापेक्षा दुसऱ्याच्या घरातच जास्त असायचं. तो गेला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण माझा राग गेला नाही. जावा अशी माझी इच्छाही नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं मला घरातले सगळे सांगतात. मी बोलणार आहे.

आम्ही सुतार. पोशीरच्या अलीकडे आमचं गाव. मी बाविशीत होतो तेव्हा बाप आणि मी कर्जतला रेल्वेच्या एका साहेबाच्या बंगल्यावर कामाला जायचो. खुर्च्या, कपाटं, आरशांच्या चौकटी. साहेबाला लाकडात तोंड दिसायला हवं असायचं. त्यासाठी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करायचं आणि कापडाच्या बोळ्याने दिवसभर घासत बसायचं. संध्याकाळी घरी आलो की हातांना, बंडीला, डोक्याच्या केसांनाही तो वास. गोडसर आणि नाकात चढणारा.

एका संध्याकाळी चुलता आमच्या पडवीत आला. बापाच्या खांद्याशी नाक नेलं आणि परत गेला. पुढच्या अमावास्येला जातीची बैठक होती. अमावास्येला सुतार हत्याराला हात लावत नाही, त्यामुळे आमच्या बैठका त्याच दिवशी भरत. चुलता पंचांतला मोठा. तो उभा राहून म्हणाला, "साहेबाच्या बंगल्यावर विलायती पिऊन येतो ह्यो. म्या सोता वास घेतलाय."

"पॉलिशची बाटलीच नेऊन दाखवू," असं मी बापाला म्हटलं.

"येडा का रं तू?" तो म्हणाला. "ती दारूच हाय, इख कालवलेली. बाटली दावली तर ती आपल्याच गळ्यात पडंल."

आम्हाला वाळीत टाकलं. लग्नाबारशाचं बोलावणं बंद झालं, शेजारचा विस्तव बंद झाला. मला त्याचं काही वाटलं नसतं, साहेबाचं काम होतं आणि मस्ती होती. पण आईच्या पोटात पाणी झालं होतं. पाय सुजून खांबासारखे झाले होते. वैद्याने बापाला बाहेर बोलावून मान हलवली, ते तिने दारातून पाहिलं. मरणाला ती घाबरली नाही. तिला एकाच गोष्टीची धास्ती होती.

"मला खांदा कोन देईल रं?" ती मला विचारायची. दिवसातून चार वेळा विचारायची. वाळीतल्या घराच्या तिरडीला जातीतला माणूस हात लावत नाही. बाप आणि मी धरून दोघे. कळंबचा मामा एक, तोही आला तर. चौथा कुठून आणायचा?

वाळीतून सुटायची रीत आमच्यात ठरलेली होती. वाळीतल्याने स्वतःच्या हाताने चिलीम भरून द्यायची आणि पाचही पंचांनी ती ओढायची. पाचांनी धूर काढला की माणूस जातीत आला. चिलीम मात्र कोरी हवी, कुणाचं तोंड न लागलेली. उष्टी चालत नाही.

बाजारात मातीच्या चिलमी ढिगाने मिळतात. पण माझा बाप कारागीर, त्यामुळे हट्टी. त्याने शिसवीच्या तुकड्यातून चिलीम कातली, आत मातीचा पातळ लेप दिला, तंबाखू अडवायला खाली खडा बसवला. तीन दिवस तो त्या वीतभर लाकडावर वाकलेला होता. हातात घेतली की सोडवत नव्हती.

आणि मग मी शहाणपणा केला. पंचांच्या हातात जायची म्हणून, बाप बाहेर गेलेला पाहून, मी तिला पॉलिश केलं. बाहेरून केलं, आणि बोळा बोटावर घेऊन तोंडाच्या भोकातूनही फिरवला. साहेबाच्या टेबलासारखी चमकली. रोज त्या वासात राहून माझ्या नाकाला तो वास येतच नव्हता. मला खरोखर आला नाही. हे मी आजवर कुणाला पटवू शकलेलो नाही, स्वतःलाही नाही.

अमावास्येला बापाने चिलीम भरली, छापीचं फडकं ओलं करून तिच्या बुडाला गुंडाळलं आणि ती चुलत्यापुढे धरली. चुलत्याने ती तोंडाला लावलीच नाही. नाकाला लावली. मग सगळ्यांना दिसेल अशी हळूच खाली ठेवली.

"ह्योच तो वास," तो म्हणाला.

बापाने माझ्याकडे पाहिलं. पंचांतला खालापूरकडचा म्हातारा मऊ मनाचा होता. त्याने पुढच्या अमावास्येपर्यंतची सवड दिली, पण एकदा पुढे धरलेली चिलीम बदलता येत नाही, हीच आणायची. म्हणजे एक महिना. आईकडे महिना होता की नाही, कुणाला ठाऊक.

त्या महिन्यात मी त्या वासाशी भांडलो. पहिल्यांदा चुलीतल्या राखेने घासली आणि उन्हात ठेवली. उन्हाने वास गेला नाही, उलट जागा झाला. मग तुसाच्या राखेत चार दिवस पुरून ठेवली. वरची चमक गेली, वास तसाच. तंबाखूच्या काड्या उकळून त्या पाण्यात बुडवली, तर दोन्ही वास एकत्र येऊन मळमळायला लागलं. बाप कोपऱ्यात बसून बघायचा आणि म्हणायचा, "आनखी कर शानपना." मी डोक्यात राख घालून बाहेर निघून जायचो.

शेवटी आई अंथरुणातून म्हणाली, "वरचं सोलून काढ ना रं. अंगावरची मळकी चोळी कोन घासत बसतं? काढून टाकतात."

मी फुटक्या बाटलीची काच घेतली आणि सगळं पॉलिश खरवडलं. कोरं लाकूड दिसेपर्यंत. हाताला चार ठिकाणी कापलं. बाहेरचा वास गेला. आतला, भोकातला, राहिला. तिथे काच पोचत नव्हती.

साहेबाचा बटलर मला म्हणाला, साहेबाच्या नव्या लाकडी पाइपालाही असाच वास येतो, साहेब आठ दिवस ओढतो आणि तो मरतो. उपाय सोपा होता आणि आमच्या उपयोगाचा नव्हता. ओढली की ती उष्टी. मग मी तोंड न लावता तिला धूर पाजायचं ठरवलं. फुटक्या मडक्यात विस्तव, त्यावर तंबाखू, आणि वर चिलीम उलटी टांगलेली. धूर खालून शिरायचा, वरून निघायचा. सकाळ-संध्याकाळ, बारा दिवस. तेराव्या दिवशी मी ती आईच्या नाकाशी धरली, कारण माझ्या नाकावर माझा विश्वास उरला नव्हता.

तिने डोळे मिटून वास घेतला. "नुसती तंबाखू," ती म्हणाली आणि हसली. त्या दुखण्यात ती हसलेली मी तेवढीच पाहिली.

अमावास्येला चुलत्याच्या पडवीत पाचही जण बसले होते. बापाने चिलीम भरून पुढे धरली. चुलत्याने पुन्हा नाक लावलं. बराच वेळ लावलं. काही सापडेना, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि मला आतून उकळ्या फुटत होत्या. मग त्याने तंबाखू तळहातावर उलटी केली, चिलीम उजेडाकडे धरली आणि आत एक डोळा लावून पाहिलं.

"कोरी म्हनता, नि आतून काळी?" तो म्हणाला. "मागं दारूचा वास व्हता. आता कुनाचं तोंड लागलंय?"

मी सगळं सांगितलं. मडकं, विस्तव, बारा दिवस. खालापूरकडचा म्हातारा म्हणाला, "पोरगं खरं बोलतंय. द्या हिकडं, मी ओढतो." पण रीत पहिल्या पंचापासून होती आणि पहिला पंच, म्हणजे चुलता, नकाराची मान हलवत होता. मी त्याच्या अंगावर धावलो. बापाने मला कमरेला धरून बाहेर काढलं.

घरी आई जागी होती. मामा सकाळीच येऊन तिच्या पायाशी बसला होता. तिला बोलताना धाप लागत होती.

"वढली का?"

"ओढली," मी म्हणालो.

"पयली कोनी?"

"थोरल्या काकांनी."

"देव त्याचं भलं करो," ती म्हणाली. चुलत्याबद्दल मी जन्मात एकच चांगली गोष्ट बोललो, ती खोटी होती, आणि त्या खोट्यावर त्याला माझ्या आईचा आशीर्वाद मिळाला. हे मला सगळ्यात जास्त जाळतं. दिवस कलायच्या आत ती गेली.

पंच अजून तिथेच होते, समोरच्या पडवीत. रडणं त्यांना ऐकू गेलं. कुणी उठलं नाही. म्हातारा अर्धा उठला, चुलत्याकडे पाहिलं आणि पुन्हा बसला.

मामा म्हणाला, "मी धरतो. घाला मला बी वाळीत." म्हणजे तीन.

बाप आत गेला आणि करवत घेऊन अंगणात आला. पंचांच्या समोर, भर उजेडात, अमावास्येला. सागाची एक फळी घेतली आणि कापायला लागला. मला आधी कळेना काय करतोय. मग त्याने पटाशीने दोन्ही टोकांना खाचा पाडल्या आणि ती फळी तिरडीच्या दोन्ही बांबूंच्या मागच्या टोकांखाली आडवी बसवली. म्हणजे पुढे दोघे, आणि मागे मधोमध एकटा माणूस मानेवर उचलू शकेल.

चुलता पडवीच्या कडेशी आला. "अमुशाला हत्यार?" तो ओरडला. "सुतार हायस का कोन हायस रं तू?"

बापाने हातातली पटाशी खाली ठेवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने थोरल्या भावाला तोंडावर उत्तर दिलं.

"सुतार न्हवं, दादा. तुमीच काढलंत मला. आता मला कसली अमुशा?"

पुढे मी आणि मामा होतो. विस्तवाचं मडकं मी एका हातात धरलं होतं. मागे बाप एकटा, फळी मानेवर. चुलत्याच्या दारावरून जाताना मी एकदाच मागे वळून पाहिलं. बापाची मान वाकली होती, पण फळी जराही तिरकी झाली नव्हती.