हर्षालीच्या अर्ध्या ओळी

“हिच्या ओळीला शेवटच नाही, सर,” मिहीर म्हणाला. “ऐका ना. प्रत्येक ओळ हवेत सोडून देते.”

मिहीर म्हणजे म्युझिक कंपनीचा माणूस. कंपनीचं ऑफिस ठाण्यात, माझा स्टुडिओ ठाण्याबाहेर लांब, मानपाड्याला, एमआयडीसीच्या कडेच्या एका जुन्या गाळ्यात. शेजारच्या गाळ्यात पुठ्ठ्याचे खोके बनतात. त्यांचं मशीन सुरू असलं की माझ्या भिंती हलक्याशा थरथरतात, म्हणून मी भिंतींना दुहेरी फोम लावला आहे. आत आलं की बाहेरचं जग एकदम पुसलं जातं. काही लोकांना त्या शांततेत गुदमरतं. मला तिथे झोपेसारखं बरं वाटतं.

मी रेकॉर्डिस्ट आहे. तीस वर्षं झाली. गाणारे गातात आणि मी ते स्वच्छ करतो, एवढंच माझं काम. श्वासाचा आवाज जास्त आला तर कमी करायचा, सूर केसभर घसरला तर उचलायचा, एका ओळीचे दहा टेक घेऊन त्यांतले चांगले तुकडे जोडायचे. या जोडण्याला कॉम्पिंग म्हणतात. जोड ऐकू येता कामा नये. माझे येत नाहीत, आणि याचा मला गर्व होता. होता, असंच लिहितो.

काचेपलीकडे हर्षाली बसली होती. कोलशेतच्या कोळ्यांची पोर, वय तेवीस. मोबाईलवर स्वतःच रेकॉर्ड केलेल्या गाण्यांनी तिचं नाव झालेलं. कंपनीसाठीचं तिचं हे पहिलंच गाणं. संथ पॉप, तळाशी सिंथचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा, लांबलचक सूर आणि वर तिचा आवाज. तो आवाज कसा होता ते नीट सांगता येणार नाही. दुपारी भरती येते तेव्हा खाडीचं पाणी कधी वर चढलं ते कळत नाही, तसा तो खालून वर यायचा. तालाच्या जरा मागे, सुराला कडेकडेने स्पर्श करत. पहिल्या दिवशी मी हेडफोन लावून डोळे मिटले आणि चहा गार होऊन गेला तरी मला पत्ता नव्हता.

पण मिहीर खोटं बोलत नव्हता. गाण्याची मुख्य ओळ होती, ‘ऊन पाण्यावर सांडून गेलं’. हर्षाली ‘सांडून’पर्यंत जीव ओतायची आणि ‘गेलं’ नुसतं ओठांवर ठेवून द्यायची. पुढची ओळ तशीच. त्याच्या पुढचीही.

“हर्षाली, ओळ पूर्ण कर गं,” मी टॉकबॅकवरून म्हणालो. टॉकबॅक म्हणजे आतल्या माणसाशी बोलायचं बटण.

“करते सर.” तिने केली. शाळेत कविता पाठ म्हणून दाखवतात तशी. गळा आवळला, सूर खाली आला, सगळी जादू गेली.

“सर, मी घरी पण ट्राय केलेलं,” बाहेर येऊन ती म्हणाली. “होतच नाय. शेवटाला आले ना, की वाटतं माझं काम झालं.”

मिहीरने तिला कंपनीचा फॉर्म भरायला दिला. नाव, वय, शिक्षण आणि एक रकाना, ‘इन्फ्लुएन्सेस’. म्हणजे तुमच्या गाण्यावर कुणाकुणाचा प्रभाव आहे. तिने भराभर चार परदेशी गायिकांची नावं लिहिली. मिहीर खूश झाला. मीही मनात म्हटलं, हां, हे ओळी हवेत सोडणं तिथूनच आलं असणार. नंतर त्या चौघींची गाणी काढून ऐकली. चौघीही शेवटचं अक्षर व्यवस्थित गात होत्या. तिथेच माझे कान टवकारायला हवे होते. पण कामाची घाई होती.

जाताना मिहीर मला बाजूला घेऊन म्हणाला, “सर, हे फिक्स नाही झालं ना, तर हिचा आवाज स्क्रॅच म्हणून ठेवू.”

स्क्रॅच म्हणजे कच्चा आवाज. कुणीतरी आधी गाऊन ठेवतं, मग दुसरी कुणी नामांकित गायिका येते, ते ऐकून तसंच गाते, आणि पहिला आवाज पुसला जातो. आमच्या धंद्यात रोज होतं हे. पुसलेल्या आवाजांची माझ्या डिस्कवर कपाटं भरतील. पण या पोरीचा मला पुसू द्यायचा नव्हता.

मी तीन दिवस डोळ्यांत तेल घालून बसलो. जिथे जिथे तिने ‘गेलं’ पूर्ण म्हटलं होतं, तिथून ते उचललं. काही ठिकाणी नुसता ‘लं’ मिळाला, तो ताणला. सूर सरळ केले. मागे राहणारे शब्द तालावर आणून बसवले. सगळ्या ओळींना शेवट आला. एकही जोड ऐकू येत नव्हता. फाईलला ‘फायनल’ नाव दिलं आणि पाठवली.

तासाभरात मिहीरचा फोन.

“सर, एकदम क्लीन आहे. मस्त काम.”

“मग झालं तर.”

“नाही ना. आता ही कुणीही वाटते. कुणीही गायल्यासारखं वाटतं. मग आमचे साहेब म्हणाले, कुणीही चालणार असेल तर नाववालीच घेऊ. शनिवारी दुसऱ्या सिंगरला बोलावलंय.”

कानफटात बसल्यासारखं झालं. तिच्या आवाजाला वाचवायला गेलो आणि मीच तो तिच्यापासून काढून घेतला होता. आणि तेही किती सफाईने.

“हर्षालीला सांगितलंस?”

“तुम्हीच सांगा ना सर. तुमचं तिच्याशी जमतं.”

फोनवर सांगायला जीभ रेटेना. बुधवारी सकाळी मी निघालो. मानपाड्याहून रिक्षा, मग बस, मग ठाण्यातून परत रिक्षा. कोलशेतला नवे टॉवर मागे टाकून रस्ता खाली उतरतो आणि एकदम हवेला खाडीचा वास येतो. तिथल्या एका गल्लीत मांडव घातला होता. शेजारच्या मुलीची हळद होती. हर्षाली नववारीत, हातात चहाचा ट्रे. मला बघून ती इतकी खुलली की मी तोंडापर्यंत आलेलं वाक्य गिळलं.

“सर! बसा ना. जेवूनच जायचं हां.”

मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलो. समोर चटईवर पासष्टीच्या एक बाई पाय पसरून बसल्या होत्या. कपाळावर मोठं कुंकू, पुढ्यात सुपात तांदूळ. हर्षालीची हिराआत्या. त्या धवलारीण. कोळी-आगरी लग्नात धवले गातात ना, देवाला, पाण्याला, पूर्वजांना लग्नाला बोलावणारी गाणी, ती गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. तिच्या गाण्याशिवाय हळद पुढे सरकत नाही.

आत्यांनी सुरुवात केली. वाद्य नाही, माईक नाही. दुपारचं ऊन मांडवाच्या कापडातून पिवळं होऊन खाली पडलेलं, त्यात हळदीचा वास, आणि तो सपाट, लांब, न थकणारा सूर. माझे डोळे आपोआप मिटले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग लक्षात आलं, हा सूर थांबतच नाहीये. ही बाई श्वास कधी घेते?

डोळे उघडले. हर्षाली ट्रे घेऊन पलीकडच्या बायकांना चहा देत होती. आणि चहा देता देता गात होती. आत्या ओळ अर्ध्यात सोडत होत्या, तिचा शेवट हर्षाली धरत होती. पुढची ओळ हर्षाली उचलायची, शेवटाशी आल्यावर सोडून द्यायची, तो आत्या धरायच्या. एकीचा श्वास दुसरीच्या आवाजाखाली झाकला जात होता. आवाज एकीकडून दुसरीकडे नेमका कुठे जातो ते मी कान लावून शोधत राहिलो. जोड लपवण्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला त्या गाण्यात जोड सापडेना.

मला भरून आलं. मांडवात लोक होते म्हणून चष्मा पुसत बसलो.

गाणं थांबल्यावर मी आत्यांजवळ जाऊन बसलो. सगळं सांगितलं. कंपनी काय म्हणाली, मी काय केलं, शनिवारी काय होणार. हर्षाली मागे उभी होती. तिचा चेहरा उतरला. तिने ट्रे खाली ठेवला.

आत्या मात्र माझ्याकडे बघतच राहिल्या. “तिला एकटीला गायला बसवलास, दादा?”

“हो. तिचंच गाणं आहे ना.”

“अरं, ती एकटी कवा गायली हाय? माझ्या जोडीची बाय गेली तवा ही चौथीला होती. तवापासून माझ्याबरोबर बसतं. शेवट मी धरतंय, हे तिला ठावं हाय. मंग ती कशाला धरंल?”

मी हर्षालीकडे वळलो. “हे फॉर्मात का नाही लिहिलंस?”

“काय लिहू सर?” तिचे डोळे भरले होते. “कॉलेजात एकदा सांगितलेलं, मी लग्नात धवले गाते. तर सगळे हसलेले. मग मी कुणाला सांगितलंच नाय. आणि खरं सांगू? हे माझ्या पॉपमध्ये येतं, हे मला पण माहीत नव्हतं.”

गुरुवारी दुपारी माझ्या बोलावण्यावरून आत्या हर्षालीबरोबर मानपाड्याला आल्या. माझ्याकडे गाण्याची खोली एकच, त्यामुळे हर्षाली आत, आणि आत्या बाहेर माझ्या टेबलाशेजारी. खुर्ची त्यांनी नाकारली. चटई टाकली, पाय पसरले. त्यांच्यापुढे एक माईक ठेवला, तो थेट हर्षालीच्या हेडफोनमध्ये जोडला. आत्यांनाही हेडफोन दिला. त्यांनी तो डोक्यावर चढवला नाही, फोनसारखा एका कानाला धरला.

“आत्या, तुम्हाला हे गाणं माहीत नाही. शब्द लिहून देऊ?”

“शब्द नको. ती सोडंल, मी धरीन.”

मी सिंथ सुरू केला. हर्षालीने डोळे मिटले. ‘ऊन पाण्यावर सांडून...’ आणि तिने सोडलं. इकडे माझ्या शेजारी आत्यांनी तो सुटलेला सूर शब्दाविनाच इतका अलगद उचलला की मी बटणावरचा हात काढून घेतला. करण्यासारखं काही नव्हतंच. खोक्यांचं मशीन जेवणाच्या सुट्टीसाठी थांबलं होतं. भिंती स्थिर होत्या. आतून एक ओळ यायची, बाहेरून तिचा शेवट जायचा, आणि मधली काच असून नसल्यासारखी झाली होती. पहिल्याच टेकमध्ये पूर्ण गाणं झालं. कॉम्पिंगला एक तुकडा लागला नाही.

आता घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. कंपनीला पॉप हवं होतं, आत्या-भाचीचं लोकगीत नको होतं. मी आत्यांच्या माईकवर वेगळा रेकॉर्ड झालेला ट्रॅक बंद केला आणि नुसती हर्षाली ऐकली. ओळी अजूनही अर्ध्याच होत्या. पण आता त्या सुटलेल्या वाटत नव्हत्या. ती शेवटाशी थांबत होती, मागे कुणीतरी आहे अशा खात्रीने.

आणि मागे खरंच कुणीतरी होतं. हर्षालीला हेडफोन मोठ्याने लागतो. हेडफोनमधला आवाज थोडासा बाहेर झिरपतो आणि गाणाऱ्याच्या माईकमध्ये शिरतो. आम्ही त्याला लीक म्हणतो. हा आमच्या धंद्यातला पहिला दोष, दिसला की काढायचा. तर प्रत्येक ओळीच्या शेवटी, दूर, पाण्यापलीकडून आल्यासारखा आत्यांचा आवाज लीक झाला होता. शब्द कळत नव्हता. नुसता धरल्याचा भास.

साफ करायला मला दहा मिनिटं लागली असती. मी हात मांडीखाली घेऊन बसलो. फाईल तशीच पाठवली.

शुक्रवारी मिहीर स्वतः आला. दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं आणि खुर्चीत मागे रेलला.

“सर, हीच ना ती?”

“हीच.”

“शेवट तर अजूनही करत नाहीये.”

“नाही करत.”

“पण मग आता का...” तो थांबला. “आणि ते मागे घुमतंय ते काय आहे? रिव्हर्ब कुठला लावलात?”

“घरचा आहे,” मी म्हणालो.

त्याने तिथूनच साहेबांना फोन लावला, फोन स्पीकरसमोर धरून गाणं ऐकवलं. शनिवारी येणाऱ्या गायिकेला नको म्हणून कळवलं गेलं. गाणं हर्षालीच्या आवाजात आलं. नवा फॉर्म तिने माझ्याच टेबलावर बसून भरला. इन्फ्लुएन्सेसच्या रकान्यात पहिलं नाव, हिराआत्या, कोलशेत. त्या चौघी परदेशी खाली सरकल्या.

“ह्या कोण? आर्टिस्ट आहेत?” मिहीरने विचारलं.

“मोठ्या,” हर्षाली म्हणाली, आणि या वेळी आवाज शेवटपर्यंत नेला.

आता माझ्याकडे कुणी नवीन गायला आलं की मी आधी एकच विचारतो, लहानपणी कुणासोबत गायचीस? उत्तर मिळेपर्यंत काही कापत नाही, काही जोडत नाही. माझी ती तीन दिवसांची फाईल अजून डिस्कवर आहे, ‘फायनल’ नावाची. निर्दोष काम आहे. साफसफाईला हात फारच शिवशिवायला लागले, की मी ती लावून ऐकतो.