सायबिणीचा मुक्काम

माझी पत्नी तापाने गेली तेव्हा आमची मुलगी चार वर्षांची होती. ऐंशीनंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. मी मालवणात लाकडाच्या वखारीत मोजणीचं काम करायचो. दोनदा मोजल्याशिवाय फळीवर खूण करायची नाही, असा माझा स्वभाव. पण पत्नीला जाऊन महिना झाला म्हणून चर्चमध्ये ठेवलेली मिस्सा, म्हणजे तिच्यासाठीची प्रार्थना, आटोपून घरी आलो आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं, उद्याच्या पहिल्या एस.टी.ने पोरीला गोव्याला बहिणीकडे कायमची ठेवून यायचं. बहिणीला मूल नव्हतं, तिने दफनाच्या दिवशी विचारलंही होतं. खरं कारण वेगळंच होतं. पोरगी आईसाठी रडायची, ते मला ऐकवत नव्हतं. प्रार्थना तर मी सोडूनच दिली होती.

त्याच संध्याकाळी शेजारची मारयानकाकी सायबिणीला घेऊन दारात आली. पवित्र मारियेची ही मूर्ती आमच्या वाडीत घरोघर एकेक दिवस मुक्कामाला असते. पाळी दुसऱ्या घराची होती, पण तिथे कुलूप होतं.

"काकी, माका सकाळी गोव्याक जावचा आसा."

"आणि सायबिणीक एकटी ठेवतलंस? पावणी ती! गाडी रोज येता रे. भैण तुझी खंय पळान जाता?"

मूर्ती असताना घर बंद करून जात नाहीत. नाइलाजाने मी मेणबत्ती लावली. लोक जमले, प्रार्थना झाली, उकडलेले चणे वाटले. गाण्यात मला माझ्या मुलीचा आवाज ऐकू आला. ती आईच्या चालीत, एकही शब्द न चुकता गात होती. तिला हे येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

सकाळी ती फणी घेऊन माझ्यापुढे बसली. मी तिचे केस कधी विंचरले नव्हते. काकी दारातून म्हणाली, "वेणी घातलंस रे, काय सुंभ वळलंस?" पोरगी हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मी आत जाऊन सायबिणीसमोर रडलो. म्हटलं, माझ्याच्याने होत नाही, तू सांभाळ.

पुढे मी गोव्याला गेलो, पण एकटाच. बहिणीने आशेने छोटी खाट मांडून ठेवली होती. तिने मला जेवायला वाढलं. तिचं ते दुःख अजून माझ्या मनावर आहे.

कुलूप योगायोगाने लागलं असेल, मी वाद घालत नाही. मुलगी पुढेही आईसाठी रडायची, मी जवळ बसून राहायचो. देवाने मला फार बळ दिलं असं म्हणवत नाही. त्याने मला एक दिवस थांबवलं. तेवढ्यासाठी मी जन्मभर त्याचा ऋणी आहे.