अप्पांचा ब्लॉक

आधीच माफी मागतो. नववीत शाळा सुटली, त्यामुळं शुद्धलेखन चुकेल आणि शब्दही साधेच असतील. धाराशिवच्या एका लॅबमध्ये मी मागच्या खोलीत काम करतो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याला ब्लॉक म्हणतात. मग मशीनवर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर घ्यायचे. दिवसभर बोलणं कमी, ऐकणं जास्त. म्हणून किस्से साठत जातात. यंदाचे बहुतेक एकट्या गुरुलिंगअप्पांचेच आहेत.

*

अप्पा जळकोटचे, किराणा दुकानवाले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. गाठ निघाली, पण स्टेज अशी मधलीच, की पुढं केमो द्यावी की नको यावर डॉक्टर अडले होते. अप्पांना केमो नको होती.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी त्यांना समजावलं. "गाठीभोवती शरीराच्या संरक्षक पेशी जमतात. त्या गाठीत शिरल्या का नुसत्या कडेला थांबल्या, ते खास रंग लावून दिसतं. त्याला मार्कर म्हणतात. आत भरपूर असल्या तर पुढचं सहसा बरं असतं. एकट्या त्यावर ठरत नाही, पण डॉक्टरांना मदत होते."

अप्पा म्हणाले, "दुकानात माल बघूनच घेतो मी. बघा. आत लई असल्या आन् डॉक्टर व्हय म्हणले तर मी घरी. न्हाय तर सुई. शब्द दिला."

*

ऑपरेशन झालं तिथून ब्लॉक आणायला घरच्यांना सांगितलं होतं. चार दिवसांनी ते सगळे ब्लॉक घेऊन आले. पुडी उघडली तर गाठीच्या ब्लॉकचं मेण पघळलेलं, आतला तुकडा तिरका.

"कुठं ठेवला होता?" मॅडमनी विचारलं.

मुलगा बसवराज खाली बघायला लागला. अप्पाच बोलले, "हिनं गोठ्याच्या पत्र्याला टांगला. म्हणली, एवढ्या मुश्किलीनं पोटातनं काढलाय, आता घरात कशाला घ्यायचा?"

अप्पांच्या मंडळी शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "चुकलं असंल माझं. पण म्हशीला काय झालं न्हाय."

*

बाकीचे ब्लॉक निरोगी भागाचे होते. गाठ आणि तिची कड असलेला हा एकच, आणि त्यातलंही बरंच आधी कापून झालेलं. तुकडा पुन्हा नव्या मेणात सरळ बसवायचा आणि उरलेल्यातून चार काप काढून पुण्याला पाठवायचे. बिघडलं तर दुसरा तुकडा नाही.

बसवराज इंजिनिअर. त्यानं मला विचारलं, "तुमचं शिक्षण?"

"नववी."

"दुसरं कुणी नाही का इथं?"

अप्पा म्हणाले, "यष्टीत चढताना डायवरला मार्कशीट मागतो व्हय रे?"

*

दुसरं कुणी होतं. सलीमभाई. मला हे काम त्यांनीच शिकवलं. मी म्हणालो, "भाई, हा तुम्हीच कापा."

त्यांनी उजवा हात माझ्यापुढं धरला. बोटं थरथरत होती. "मेरा हात कांपता बेटा. तेरा नै कांपता, तू बस डरता. डरने से ब्लेड को कुछ नै होता."

पंखा बंद केला. पहिला काप चुरगळला. दुसरा मधोमध फाटला. मी ब्लॉक परत बर्फावर ठेवला, ब्लेड बदललं आणि ठरवलं, आता नीटच येणार. मग एकामागं एक पाच आले. सहाव्याला नुसतं मेण.

सलीमभाईंनी काचा उजेडात धरून बघितल्या. म्हणाले, "अब सांस ले."

*

पुण्याहून रिपोर्ट आला. कडेला पेशी पुष्कळ, आत थोड्या. सगळे कागद बघून डॉक्टरांनी केमो सांगितली. अप्पांनी शब्द मोडला नाही.

पहिल्या सुईच्या आदल्या दिवशी ते रक्त तपासायला आले आणि सरळ मागच्या खोलीत शिरले. मॅडम तिथंच काचा बघत होत्या.

"मॅडम, कडेला लई, आत थोड्या. बरोबर?"

"बरोबर."

"मग ज्या आत शिरल्या, त्या तर गाठीसंगंच कापल्या गेल्या की."

मॅडमनी हातातली काच खाली ठेवली.

"त्यांच्या बदली कुणीतरी जायला पायजे," अप्पा म्हणाले. "घालू सुई."

जाताना ते माझ्या टेबलाशी थांबले. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं हळूच म्हणाले, "तम्मा, खरं सांगू का, भ्या वाटायलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबच्या आधी केमोच्या वॉर्डात गेलो. खिडकीजवळची एक खाट रिकामी होती. तिच्यावर माझा रुमाल टाकला आणि शेजारी उभा राहिलो.

सिस्टर म्हणाल्या, "हे काय?"

"जळकोटची गाडी यायचीय अजून," मी म्हणालो.