भिंतीवरचा लिफ्टमास्तर

क्लबाच्या भिंतीवर जागा मिळवायची तर आधी मरावं लागे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण कडक होता. फार पूर्वी एकदा जिवंत खेळाडूचा फोटो लावून पाहिला होता. तो एक जाडजूड यष्टिरक्षक. रोज संध्याकाळी येऊन स्वतःच्याच फोटोखाली खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला धरून आपले पराक्रम ऐकवायचा. लोक चहाचे कप घेऊन बाहेर उन्हात उभे राहू लागले. तेव्हा कमिटीनं ठरवलं, यापुढे गौरव फक्त गेलेल्यांचा. ते निदान गप्प बसतात.

कोण गेलं, हे कळायची पद्धतही ठरलेली होती. जुना खेळाडू गेला की घरचे त्याची किटबॅग क्लबात आणून देत. बॅग आली की कमिटी मान खाली घालून दोन मिनिटं उभी राही आणि मग फोटोच्या शोधाला लागे. घरच्यांना फोन वगैरे कुणी करत नसे. आधीच दुःखात असलेल्यांना कशाला त्रास द्यायचा?

लिफ्टमास्तरच्या बायकोला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. घराला रंग द्यायचा होता, माळ्यावरची बॅग आडवी येत होती आणि नवरा वर्षानुवर्षं तिला हात लावत नव्हता. बाजाराला जाताजाता तिनं स्कूटर क्लबाच्या फाटकाशी थांबवली, बॅग वॉचमनच्या हवाली केली आणि पुढे भाजी घ्यायला निघून गेली.

लिफ्टमास्तर हा पेशानं लिफ्टचा मेकॅनिक. आयुष्य लोकांना वर-खाली करण्यात गेलेलं. ऐन उमेदीत तो क्लबाकडून फिरकी टाकायचा. चेंडू इतका उंच सोडायचा, की फलंदाजाला विचार करायला भरपूर वेळ मिळे. आणि विचार करायची सवय नसल्यामुळे फलंदाज बाद होई. पण एका अंतिम सामन्यात एक झेल सुटला. चेंडू आभाळात गेला, कप्तान ‘माझा, माझा’ म्हणून ओरडत धावला आणि ऐन वेळी थबकला. चेंडू पडला तो लिफ्टमास्तरच्या पायाशी. क्लब हरला, आणि त्याच संध्याकाळी कप्तानानं चारचौघांत झेल लिफ्टमास्तरच्या नावावर टाकला. लिफ्टमास्तरनं बॅग उचलली, माळ्यावर फेकली, आणि पुन्हा म्हणून क्लबाचं तोंड पाहिलं नाही.

आपण गेल्याची बातमी त्याला कामावर असताना कळली. एका दवाखान्याच्या इमारतीत मेन स्विच बंद करून तो लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला होता आणि स्प्रिंगभोवतीचा कचरा काढत होता. तळमजल्यावर दार उघडं, त्यापुढे ‘काम चालू’ची पाटी. नेमका तिथे क्लबाचा जुना सलामीवीर गुडघा दाखवायला आला. हा गृहस्थ खेळतानाही जोडीदाराकडे कधी बघत नसे, तो पाटीकडे काय बघणार? बटण दाबत उभा राहिला. तेवढ्यात जमिनीतून लिफ्टमास्तरचं काळं, तेलकट डोकं वर आलं.

गुडघ्याचं दुखणं विसरून सलामीवीर तीन पायऱ्या मागे चढला. तेलकट हात हातात घेऊन खात्री पटल्यावर मात्र तो रागावला. म्हणाला, तुझ्यासाठी दोन मिनिटं उभा राहिलो मी, या गुडघ्यावर. मग त्यानं सगळं सांगितलं. रविवारी फोटो लागणार, खाली ‘क्लबाचा सर्वोत्तम फिरकी गोलंदाज’ अशी पितळी पाटी, आणि भाषण खुद्द कप्तानाचं.

लिफ्टमास्तर खड्ड्यातच उभा राहून विचार करू लागला. सर्वोत्तम. जिवंतपणी कप्तान त्याच्या हातात चेंडू द्यायचा, तो सामना हरल्यातच जमा झाल्यावर.

“मग आता रे?” त्यानं विचारलं.

“आता काय, तोंड बंद ठेव,” सलामीवीर म्हणाला. “जिवंत निघालास तर भिंतीवरून उतरवतील.”

बायकोला त्यानं घरी सांगितलं तेव्हा ती आधी घाबरली, मग हसली, आणि मग तिनं विचारलं, “अहो, पण मेल्यावर तुम्ही भाजी आणायला जाणार की नाही?”

रविवारी तो गेलाच. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, काच खाली ओढलेली. लोकांना वाटलं, बिस्किटं पोचवायला आलाय. मागे दाराशी उभं राहून त्यानं स्वतःला बघून घेतलं. जुन्या संघाच्या फोटोतून चेहरा कापून मोठा केला होता, त्याबरोबर शेजारच्या कप्तानाचा अर्धा कानही आला होता. जागा मिळाली होती पाण्याच्या फिल्टरशेजारी. दार उघडलं की दिसेनासा व्हायचा. तरी भिंत ती भिंत. ऊर भरून आला त्याचा.

कप्तान बोलायला उठला. आपल्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकांशी हळू बोलून बोलून त्याचा आवाज खाली गेला होता, पण बोलला छान. चेंडूची उंची सांगितली, स्वभावाची सांगितली, चष्मा काढून पुसला. लिफ्टमास्तरचेही डोळे काचेआड पाणावले. एवढ्यावर थांबला असता तर सगळ्यांचंच भलं झालं असतं.

“अंतिम सामन्यात त्याच्या हातून तो झेल सुटला,” कप्तान म्हणाला. “पण आज ते मनात ठेवायचं नाही. मी तर त्याला केव्हाच माफ केलंय.”

सलामीवीरानं डोळे मिटून घेतले. मागे हेल्मेटची काच वर गेली.

“माफ? ‘माझा’ म्हणून बोंबललास तू, आणि माफ मला करतोस?”

कप्तानाला घाबरायला सवडच मिळाली नाही, कारण उत्तर इतकी वर्षं तयार होतं. “बोंबललो मी, पण खाली तू उभा होतास ना?”

“तुझी हाक ऐकून थांबलो!”

“थांबायला सांगितलं कुणी?”

चेंडू कुठून आला, ऊन कुणाच्या डोळ्यांवर होतं, कोण किती धावला, हे खुर्च्या मांडून दाखवेपर्यंत वाद गेला. मयत माणूस भांडतोय, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटी कमिटीच्या अध्यक्षबाईंनी खाकरून नियमाची आठवण करून दिली.

कप्तानानं स्वतः स्टुलावर चढून फोटो उतरवला. पाटीही काढली. लिफ्टमास्तर बघत राहिला. चेहरा पडला होता, पण जीभ मोकळी झाली होती.

“आणि हा खिळा?” सलामीवीरानं विचारलं.

“राहू दे,” कप्तान म्हणाला. “लागणारच आहे.”

लिफ्टमास्तर पुढे झाला. त्यानं खिळा दोन बोटांत धरून हलवला, तर तो मातीसकट हातात आला. असल्या कामावर तो एका रात्रीसाठीही लटकायला तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तो ड्रिल घेऊन हजर झाला. कप्तान स्टूल धरायला आला होता, आणि ऊन कुणाच्या डोळ्यांवर होतं ते पुन्हा सांगत होता. लिफ्टमास्तरनं फिल्टरची जागा सोडली, दारापासून लांब गेला आणि जाड्या यष्टिरक्षकाच्या वर चांगली हातभर जागा बघून भोक पाडायला घेतलं.